पुतळ्याचे पांढरे हात

उत्तर ग्रीसमधल्या एका तंबाखू संग्रहालयात पानं सुईने दोऱ्यात ओवणाऱ्या बाईचा पुतळा आहे. हात पांढरेशुभ्र! माझी घरमालकीण एलेनीआजी अजूनही दर उन्हाळ्यात तंबाखू खुडते. माझ्याबरोबर तो बघायला आलेली ती तिथंच वैतागली. "हाताला पानांचा काळा चीक कुठाय? तो आठ-आठ दिवस निघत नाही. त्या हातांनी खाल्लेला पावसुद्धा कडू लागतो!"

"काळे हात लोकांना बघवत नाहीत हो, आजी," तिथला कर्मचारी म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. कष्टांचं कौतुक करायचं, पण त्यांचे डाग नकोत, ही कसली तऱ्हा? निदान खरे हात तरी टिपावेत म्हणून मी मोबाइल काढला. आजीने आपले काळे हात झटकन पाठीमागे लपवले.

आता चिडायचं तरी कुणावर?