बाईंच्या कानातलं पाणी

प्राथमिक शाळेत मला शिकवलेल्या बाई निवृत्त झाल्यावर माझ्याकडं आल्या. मी भालकीत कान-नाक-घशाचा डॉक्टर. त्या मन्नाएखेळ्ळीहून बसनं आल्या होत्या. उजवा कान गच्च झाला होता. "तळ्यात बुडी मारल्यावानी ऐकू यायलंय," म्हणाल्या.

कानाच्या पडद्यामागं पाणी दिसलं. सर्दी नसताना, या वयात, एकाच कानात पाणी कामून साचावं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी पडद्याला बारीक छेद देऊन इवलीशी नळी बसवली.

पाणी निघालं, पण ते थांबेचना. अगदी स्वच्छ, बिनवासाचं. जंतू असतील म्हणून मी थेंब दिले, पुढच्या खेपेला ते बदलले. असे पाच महिने गेले. बाई कानात कापसाचा बोळा घालून यायच्या. एकदा म्हणाल्या, "उशी भिजायलीय रे. आधी तर झाडायला वाकलं की नाकातनंबी टपकायचं. हे कानाचंच पाणी हाय का दुसरं काही?"

बाहेर पेशंट खोळंबले होते. "बाई, तुम्ही शंका लई काढता. थेंब घाला, जाईल."

"व्हय की, तू डॉक्टर," म्हणून त्या उठल्या.

पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. "आईला सणकून ताप आलाय. उलट्या व्हायल्यात. मान वाकवता येत न्हाई."

मान म्हटल्याबरोबर मला उमगलं, हा मेंदूच्या आवरणाचा ताप. कानातनं गळत होतं ते मेंदूभोवतीचं पाणी होतं, आणि त्याच वाटेनं जंतू आत शिरले होते. मी त्यांना तडक कलबुर्गीला न्यायला सांगितलं आणि मागोमाग निघालो.

ताप उतरल्यावर तिथल्या सर्जनबाईंनी कानातलं पाणी तपासायला पाठवलं. ते मेंदूचंच निघालं. स्कॅनवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "कानाच्या छताचं हाड इथं आपोआप झिजून भोक पडलंय, सर. तुम्ही पाणी तपासलं नव्हतं?"

"न्हाई."

त्यांनी कानामागून हाड कोरून वाट केली आणि पेशंटच्याच कूर्चेचा तुकडा व स्नायूवरचा पातळ पापुद्रा लावून भोक बुजवलं. मी शेजारी उभा होतो. गळती कायमची थांबली. पण मेंदूच्या त्या तापानं दोन्ही कानांचं ऐकणं गेलं होतं. ते परत आलं नाही.

महिन्यानं मी त्यांच्या घरी गेलो. बोलून उपयोग नव्हता. त्यांच्या वहीत लिहिलं, 'चूक माझी. मला कळलं नव्हतं.'

बाईंनी चष्मा लावून ते वाचलं. आता स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यानं त्या मोठ्यानं बोलायच्या.

"कळत न्हाई, एवढंच तवा म्हणला असतास, तर मी आपली कलबुर्गीला गेले असते की रे."

रागावल्या नव्हत्या. मुलीला चहा ठेवायला सांगून त्यांनी वही परत माझ्यापुढं सरकवली.