डोंगरावरची शून्यं

फ्लोरेस बेटावरच्या एका जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत मेलानिया वेआ आकड्यांचं काम बघायची. लग्न केलं नव्हतं, आईही गेलेली. कुठल्या गावात डेंगीचे किती रुग्ण निघतील याचा अंदाज ती बांधायची. पाऊस, गावाची उंची, घरांची दाटी यांवरून सूत्र मांडायचं आणि त्यावरून औषधं, फवारणीची माणसं पाठवायची.

त्या वर्षी जिल्ह्याची बेरीज अंदाजाला अगदी चिकटून आली. साहेब, पाक ब्लासियुस, खूश झाले; तिथं पुरुषाला मानानं पाक म्हणत, बाईला इबू. मेलानियाचं मात्र बेरजेवर समाधान व्हायचं नाही. एकही रुग्ण नसलेली गावं किती, एक रुग्ण असलेली किती, दोन असलेली किती, असे ती गठ्ठे पाडायची आणि सूत्राप्रमाणे किती निघायला हवे होते ते शेजारी मांडायची. या खेपेला शून्याचा गठ्ठा भलताच फुगला होता. सूत्राला अपेक्षित होती त्यांच्या दुप्पट गावं तिथं बसली होती. खालच्या किनाऱ्यावरच्या काही गावांत रुग्ण अंदाजापेक्षा कितीतरी जास्त होते, म्हणून बेरीज सावरली गेली होती, इतकंच.

तिनं नकाशावर बघितलं, तर जास्तीची शून्यं सगळी एकाच डोंगरावरची.

"इबू मेलानिया, रोगी नाहीत म्हणून तोंड पाडून बसलेली बाई मी पहिल्यांदाच बघतोय," साहेब म्हणाले. "वर थंडी असते. डास कुठून येणार?"

"थंडी सूत्रात धरलीय, पाक. तरी जुळत नाही. कुणीतरी वर जाऊन बघायला हवं."

साहेबांनी पावसानंतर बघू म्हटलं. अहवाल राजधानीला जायचा होता. मेलानियानं थोडी हुज्जत घातली आणि मग सही केली.

पाऊस ओसरल्यावर ती स्वतःच रजा काढून मालट्रकच्या मागच्या फळीवर बसून वर गेली. आरोग्यकेंद्राच्या कुलपाला गंज चढला होता. तिथली परिचारिका बदली होऊन गेलेली, जागेवर दुसरी आलीच नव्हती. ज्या गावाकडून काही कळत नाही त्याच्यापुढं कचेरीत शून्य मांडायची रीत होती.

चर्चमागं मातीचे ताजे उंचवटे होते, लहान लहान. त्यांतल्या एकापाशी दोरोतेआ नावाची म्हातारी, गावाची ओमा म्हणजे आजी, गवत उपटत होती. मेलानिया तिच्याजवळ बसली. नातीला ताप आला, नाकातून रक्त आलं, पावसानं खाली न्यायचा रस्ता बंद होता, असं म्हातारीनं सांगितलं.

"तुमच्या कागदावर होती का ती, नोना?" तिनं या खालच्या बाईला विचारलं.

"नाही, ओमा. तिथं शून्य होतं."

म्हातारीनं आणखी एक मूठ गवत उपटलं. "वीणा तिचं नाव. सारखी बडबडायची. गप्प बस म्हणून मी ओरडायचे."

कधी गेली, हे मेलानियानं भीतभीतच विचारलं. ती गेली होती अहवालावर सही झाल्यानंतर. मेलानियानं तेही म्हातारीला सांगितलं, काही न लपवता. म्हातारीनं ऐकून घेतलं. ती रागावली नाही, धीरही दिला नाही. उठून घरात गेली आणि चुलीवरचं मक्याचं कणीस आणून तिच्या हातावर ठेवलं.

खाली आल्यावर तिनं सूत्र मोडून नव्यानं बांधलं. खरोखर कुणी आजारी नाही ते शून्य वेगळं, कळवायलाच कुणी नाही ते वेगळं. फुगलेला गठ्ठा जागेवर बसला. पुढल्या ईस्टरच्या सुमाराला डोंगरावर नवी परिचारिका रुजू झाली आणि त्या वर्षी जिल्ह्यातले रुग्ण एकदम वाढलेले दिसले. राजधानीतून खरमरीत विचारणा आली. पाक ब्लासियुसनी स्वतःच्या सहीनं उत्तर धाडलं, की रोग वाढला नाही, मोजणारं माणूस आता आलं आहे. मेलानियाकडे त्यांनी वर मान करून बघितलं नाही.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी ती मेणबत्त्या घेऊन वर जाऊ लागली. पुढं म्हातारीचे गुडघे गेले, तेव्हा वीणाच्या जागेवरचं गवतही तीच काढायची. म्हातारी दारात बसून, मुलगी काय काय बडबडायची ते सांगायची, आणि मेलानिया खाली मान घालून ऐकायची.