मापापुरतं माणूस

हिमनदीचे दहा-बारा फोटो काढूनही माझ्या नवऱ्याचं समाधान होईना. कॅमेऱ्यात ती नुसता मळक्या बर्फाचा ढीग दिसत होती. "तू तिच्या पायथ्याशी उभी राहा," तो म्हणाला. "म्हणजे ती केवढी आहे ते कळेल. बर्फ दगडासारखा आहे, घाबरू नकोस."

पाच मिनिटांचं वाटलेलं अंतर चालायला अर्धा तास लागला. जवळ गेल्यावर समोर तीन मजली घराएवढी निळसर भिंत उभी होती. तिच्यात खडे रुतले होते आणि आत कुठेतरी पाणी वाहत होतं. हा दगड कसला? तेवढ्यात वर काहीतरी कडाडलं. मी जीव घेऊन मागे पळाले.

परतले तेव्हा तो खूश होता. फोटोतला माझ्या जाकिटाचा लाल ठिपका दाखवून म्हणाला, "हललीस म्हणून जरा पुसट आलीस."

"तो आवाज ऐकलास का?"

"कसला आवाज?"

हल्ली भव्य डोंगराच्या फोटोत कुणी चिमुकलं माणूस दिसलं, की मी डोंगर बघतच नाही. ते तिथं आपल्या हौसेनं गेलंय, की त्याला कुणी मापासाठी उभं केलंय, एवढंच शोधत राहते.