अपुऱ्या पत्त्याचा मेल

वेल्ह्याच्या पोलीस ठाण्यात अधिकारी होतो तेव्हाची एक घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही. तीत मारामारी नव्हती, शस्त्र नव्हतं, पाठलागही नव्हता. माझ्या टेबलावर एक अर्ज होता आणि समोर एक बाई बसल्या होत्या. त्या बाईंना आरोपी म्हणून लिहायचं की फिर्यादी म्हणून, एवढंच मला ठरवायचं होतं.

निवृत्तीनंतर मी बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, त्यामुळे लिहिण्याची सवय अजून नवी आहे. जमेल तसं सांगतो. नावं कुणाचीच देत नाही.

नसरापूरहून वेल्ह्याकडे येताना एका फाट्यावर त्या बाईंचं किराणा दुकान होतं. सगळे त्यांना वैनी म्हणत. वरच्या वाड्यावस्त्यांवर कुरिअरवाला जात नाही. जाणार तरी कसा? तिथे घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही. पत्ता लिहायचा तर ‘देवळाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीजवळ’ असा. म्हणून वस्तीवरच्या लोकांनी आपली सोय लावली होती. कुणाला ऑनलाइन काही मागवायचं असलं की तो वैनींकडे पैसे द्यायचा. वैनी आपल्या मोबाईलवरून, आपल्या खात्यातून ऑर्डर टाकायच्या. पार्सल दुकानात यायचं. दूध घालून परत जाताना माणसं ते उचलून न्यायची. वैनी यासाठी कुणाकडून काही घेत नसत. पार्सल घ्यायला आलेला माणूस चहापत्ती, साबण नेतो, हाच त्यांचा फायदा.

त्या वेळी वरच्या धनगरवाड्यातल्या कुटुंबांनी मिळून कडबा कापायचं यंत्र मागवायचं ठरवलं होतं. त्यासाठी प्रत्येक घराने वैनींकडे आपला वाटा दिला होता, तो वैनींनी आपल्या खात्यात भरला होता आणि सगळे वाटे जमले की ऑर्डर टाकायची होती. यंत्र आलं नाही. पैसेही गेले. वैनींचं म्हणणं होतं, मेल आला आणि पैसे गेले.

लोकांना हे पटेना. आमच्या हवालदारांनी चहाच्या टपरीवर ऐकलेलं बोलणं मला जसंच्या तसं सांगितलं होतं. एक जण म्हणत होता, “मेलनं पैसं नेलं म्हणं! मेलाला काय हात असत्यात व्हय?” त्यावर दुसरा म्हणाला, “हात न्हाई, पर वैनीच्या दुकानाला नवी पत्रं चढल्याती, ती बगितली का?” पत्रे जुनेच होते, नुसता रंग दिलेला होता. पण संशय आला की माणसाला जुनं नवं दिसायला लागतं.

अर्ज आला तो गावच्या एका माजी सरपंचांचा. गाव त्यांना आण्णा म्हणे. अर्जात लिहिलं होतं की त्यांनी आपला वाटा रोख वैनींकडे दिला आणि वैनींनी सर्वांच्या पैशांचा अपहार केला. त्याच दिवशी एका जीपवाल्याने येऊन खबर दिली. “सायेब, बाजाराच्या दिवशी लोकं जमणार हायत. दुकानाला कुलूप ठोकायचं ठरलंय. बाया बी येणार हायत. काय तरी करा.”

अर्जाची नोंद घेतली आणि वैनींना जबाबासाठी बोलावलं. सोबत महिला शिपाई बसवल्या. वैनींचे पती बाहेर बाकावर बसून राहिले. ठाण्यात येणारी माणसं आधी रडतात किंवा आधी भांडतात. या बाईंनी दोन्ही केलं नाही. पदर नीट केला आणि म्हणाल्या, “इचारा.”

“काय आलं होतं मेलमध्ये?”

“तुमचा पत्ता अपुरा हाय, पार्सल अडकलंय, आजच्या आज पत्ता पुरा करा न्हाई तर माघारी जाईल. वर त्या ऑनलाइनवाल्या दुकानाचं चित्र व्हतं, आपल्या मोबाईलवर असतं ना, तसंच.”

“मग शंका कशी नाही आली?”

त्यांनी मलाच उलट विचारलं. “सायेब, तुमी हितले न्हाई वाटतं. आमचा पत्ता कवा पुरा असतो? कुरिअरवाला दर खेपेला फोन करून ह्येच म्हणतो. पत्ता अपुरा हाय म्हटल्यावर शंका कशापाई येईल? पुरा हाय म्हटलं असतं तर आली असती.”

बाईंचं म्हणणं खरं होतं. हा मेल हजारो लोकांना एकदम गेलेला असणार. पाठवणाऱ्याला ना वेल्हे ठाऊक, ना धनगरवाडा. शहरात तो बहुतेकांनी पुसून टाकला असेल. आमच्याकडे मात्र प्रत्येकाचं काही ना काही वाटेत होतं आणि प्रत्येकाचा पत्ता खरोखरच अपुरा होता. खोटा मेल इथे येऊन खरा वाटला, तो यामुळे.

पुढचं त्यांनी सांगितलं ते मी जबाबात घेतलं. मेलमधल्या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. एक पान उघडलं. पार्सल पुन्हा पाठवायला किरकोळ रक्कम भरा म्हणून कार्डाचा नंबर मागितला. त्यांनी टाकला. मोबाईलवर ओटीपी आला, तोही टाकला. आणि रेंज गेली. फाट्यावर रेंज अशीच जाते. ती परत आली तेव्हा बँकेचा मेसेज होता. खातं रिकामं झालं होतं.

“तो मेल दाखवा.”

वैनींनी दाराकडे पाहिलं. “मालकांनी पुसला. लई घाबरलं ते. म्हणालं, आसली घाण मोबाईलात नगं. मेसेज बी पुसलं. कचऱ्याच्या डब्यातनं सुदिक काढून टाकलं.”

म्हणजे हातातला एकमेव पुरावा गेला होता. खात्यातून पैसे गेल्याचं बँक सांगू शकत होती. पण ते वैनींनी स्वतःच कुठे वळवले नाहीत कशावरून, असं उद्या कुणीही विचारलं असतं. आणि आण्णांचा वाटा? “त्यांनी एक रुपया दिला न्हाई मला,” वैनी म्हणाल्या. “सगळ्यांचं घेतलं, ते कबूल. त्यांचं न्हाई. पर माझं कोन ऐकतंय?”  पैसे गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण न घेतलेल्या पैशांसाठी चोर ठरण्याचं जास्त होतं.

बँकेला पत्र दिलं, सायबर शाखेला फोन केला. तिथल्या अधिकाऱ्यांनी सरळ सांगितलं, “साहेब, मेल असता तर पाठवणारा पत्ता आणि लिंक मिळाली असती. फसवणूक झाल्या झाल्या कळवलं असतं तर पैसे वाटेतच अडवता आले असते. आता बघतो.”

दुसऱ्या दिवशी अर्जदार म्हणून आण्णांचा जबाब घेतला. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. ठाण्यात पाय टाकताच त्यांनी हवालदारांची विचारपूस केली, माझ्या बदलीची चौकशी केली. ठाण्याला सरावलेला माणूस असा ओळखू येतो.

“आण्णा, पैसे दिले तेव्हा कोण होतं?”

“कोन कशाला पायजे? घरचीच बाई. इस्वासानं दिलं.”

“कुठे दिले?”

“दुकानात. म्हंजे, दुकानाच्या बाहिर.”

मी काही बोललो नाही. लिहीत राहिलो. बोलण्याची सवय असलेल्या माणसाला गप्प बसलेला पोलीस सहन होत नाही, हा माझा अनुभव आहे. थोड्या वेळाने तेच पुढे बोलू लागले.

“आन् मेल आला म्हनं. आवो, बाईला अक्कल नगं? येकदा ओटीपी दिला, ठीक हाय. पुन्यांदा मागितला, पयला चुकला म्हनून, तवा तरी कळाय नगं?”

माझं पेन थांबलं. वैनींची रेंज पहिल्या ओटीपीनंतर गेली होती. दुसऱ्यांदा काय मागितलं जातं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या जबाबात ते नव्हतं, माझ्या तोंडून ते कुठे गेलं नव्हतं. ते पान शेवटपर्यंत पाहिलेल्या माणसालाच ते ठाऊक असणार.

पहिला विचार मनात आला तो हाच, की मेल पाठवणाऱ्या टोळीचाच माणूस समोर बसला आहे. पण टोळीतला माणूस आपणहून ठाण्यात अर्ज देत नाही. 

“आण्णा,” मी म्हणालो, “दुसऱ्यांदा ओटीपी मागतात, हे तुम्हाला कसं कळलं?”

“लोकं बोलत्यात.”

“कोण लोकं? एक नाव सांगा. त्यांना बोलावतो.”

ते पंख्याकडे बघू लागले. मी हवालदारांना बाहेर जायला सांगितलं. दार लोटलं आणि त्यांच्यासमोर पाणी ठेवलं. ते प्यायले नाहीत. मग हळू आवाजात म्हणाले, “सायेब, हे कागदावर घ्यायलाच पायजे का?”

“आधी सांगा.”

आण्णांनी गुडघ्याचा पट्टा मागवला होता, सुनेच्या नकळत, स्वतःच्या मोबाईलवरून; पत्ता मात्र सगळ्यांसारखा वैनींच्या दुकानाचाच टाकला होता. पंचायतीची मीटिंग ऑनलाइन घेतलेला माणूस, त्यांना वाटलं यात काय अवघड. वैनींच्या आधीच त्यांना तोच मेल आला होता. पत्ता अपुरा. त्यांनी कार्ड दिलं, एकदा ओटीपी दिला, पुन्हा दिला. घरात पैशांचा विषय निघाला तेव्हा तोंडून निघून गेलं, यंत्रासाठी वैनीला दिलेत. पुढे वैनींचे पैसे गेल्याचं कळलं आणि ती थाप गावभर खरी होऊन बसली.

“मग अर्ज कशाला केलात?”

“पोरं म्हनाली, तुमी बोलल्याबिगर कोन बोलनार. न्हाई म्हनलो असतो तर इचारलं असतं, का न्हाई.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “सरपंच ऱ्हायलेला मानूस मोबाईलवर फसला म्हनल्यावर शाळंतली पोरं हसतील, सायेब.”

“मेल कुठे आहे?”

“हाय की.”

“पुसला नाहीत?”

“पुसायचं येत न्हाई,” आण्णा म्हणाले.

त्या क्षणी मला हसू आलं, ते मी दाबलं. त्यांच्या मोबाईलवर तो मेल जसाच्या तसा होता. वर त्याच ऑनलाइन दुकानाचं चित्र, आणि पाठवणाऱ्याच्या नावावर बोट दाबून धरलं तर खाली कुठला तरी लांबलचक, अर्थ नसलेला पत्ता, ज्याचा त्या दुकानाशी संबंध नव्हता. आण्णांचं नाव कुठेच नव्हतं, ‘प्रिय ग्राहक’ एवढंच. ऑर्डरचा नंबर नव्हता. पट्ट्याचा उल्लेख नव्हता. घाई मात्र प्रत्येक ओळीत होती. त्या ऑनलाइन दुकानाचं खरं ॲप उघडून पाहिलं, तर तिथे आण्णांची ऑर्डर व्यवस्थित वाटेत होती, कुठेही अडकलेली नव्हती. तेवढं आधी पाहिलं असतं तर दोघंही वाचले असते.

मेल जसाच्या तसा सायबर शाखेकडे पाठवला. सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर आण्णांच्या नावाने तक्रार नोंदवली. बँकेचं उत्तर आलं तेव्हा दिसलं, की वैनींचे आणि आण्णांचे पैसे एकाच खात्यात गेले होते. खातं परराज्यातलं होतं. त्यात जे उरलं होतं ते गोठवलं गेलं. बरंचसं आधीच पुढे गेलेलं होतं. ते खातं वापरायला देणारा इसम नंतर सापडला. त्याच्या मागचे सापडले नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण बाजाराचा दिवस त्याआधी उजाडला होता. मी आण्णांना सांगितलं होतं, “अर्ज मागे घेणं हा तुमच्या-माझ्यातला कागद झाला. बोललात ते गावात, खोडायचं तेही गावात.” ते येतील याची मला खात्री नव्हती.

फाट्यावर लोक जमले होते. एकाच्या हातात खरोखरच कुलूप होतं. वैनी दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या. मी जीपजवळ थांबलो. आण्णा आले, आज सदऱ्याला एकही पेन नव्हतं. ते लोकांकडे न बघता वैनींकडे बघून बोलले.

“वैनी, म्या तुमाला पैसं दिलं न्हवतं. माजं बी त्याच मेलनं गेलं. तुमच्या आदी.”

 मग मागून एक म्हातारी म्हणाली, “आगं बया, मंजी मेलाला हात असत्यात!” आणि दोघं-तिघं हसले. आणखी एकाने खिशातून मोबाईल काढला, डोळ्यांजवळ नेला. “सायेब, ह्यो बगा. मला बी आलाय. म्या अजून दाबलं न्हाई.” मग दुसऱ्याने काढला. ज्याच्या हातात कुलूप होतं त्याने ते पिशवीत घातलं आणि आपला मोबाईल पुढे केला. त्याने दाबलं होतं, आदल्याच दिवशी, आणि घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याची तक्रार वेळेत गेल्यामुळे त्याचे जवळपास सगळे पैसे वाचले.

वैनी आण्णांना काय म्हणतात, याकडे माझं लक्ष होतं. त्या पायरी उतरून आल्या. “आण्णा, पट्टा आलाय तुमचा. परवाच्याला. घिऊन जावा.” एवढंच. त्यांनी माफ केलं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. अर्जाऐवजी वैनींची फिर्याद लिहिली गेली. पुढे धनगरवाड्याने हप्त्यांनी यंत्र घेतलं, आणि पार्सल त्याच दुकानात उतरलं.

खूप गुन्हे पाहिले. चोरी झाली की माणूस आरडाओरडा करतो, चोर गावाबाहेर जायच्या आत सगळ्यांना कळतं. या गुन्ह्यात उलटं होतं. ज्याचं गेलं तोच दार लावून बसतो, मेल पुसतो, घरच्यांना भलतंच सांगतो, आणि तेवढ्या वेळात पैसे चार खात्यांतून निघून जातात. आण्णा वाईट माणूस नव्हते. आपलं हसं होऊ नये म्हणून ते एका बाईला तुरुंगाच्या दारापर्यंत घेऊन आले होते, आणि हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत असं कुणी समोर येऊन बसलं, की “फसलात कसे?” हे मी कधी विचारलं नाही. कधी झालं, आणि मेल ठेवलाय का, एवढंच विचारायचो. उत्तर बहुतेकदा खाली मान घालूनच यायचं. पण यायचं.