जॅकखालची फळी

वरंधच्या आमच्या शेतात ट्रॅक्टर रुतला की गावातला मेकॅनिक येतो. पण जॅक लगेच लावत नाही. चपला काढून टाचेनं माती दाबतो, डोळे मिटून उभा राहतो. मग स्वप्नात बोलल्यासारखं म्हणतो, “इथं पाणी झोपलंय,” आणि जॅकखालची फळी हातभर बाजूला सरकवतो.

परवा धुकं होतं. चाक वर उचललं गेलं. खालचा दगड काढायला मी वाकलो, तोच त्यानं माझं मनगट पकडलं.

“जॅक उचलतो गुरुजी, धरून ठेवत नाय.”

पायानंच त्यानं एक्सलखाली लाकडी ठोकळा ढकलला. जॅक श्वास सोडल्यासारखा हळूहळू खाली बसला. ट्रॅक्टर ठोकळ्यावर टेकला. माझं मनगट अजून त्याच्या हातात होतं.