काढून टाकलेली तार

लेकीच्या भट्टीवरचा धोक्याचा भोंगा बंद आहे हे कळल्यापासून आईच्या घशाखाली घास उतरत नव्हता. लेक सात वर्षं प्लाझ्मा भट्टी सांभाळते; विजेच्या प्रखर झोतात भुसा टाकून गॅस काढते. झोताच्या नळीला थंड पाणी कमी पडलं की भोंगा वाजायचा. तो एकदा पाहुण्यांसमोर वाजला, म्हणून मॅनेजरने तारच काढली.

“मग पाणी कमी पडलेलं कळणार कसं?”

“साहेब म्हणतात, काट्यावर डोळा ठेव.”

“आणि ते स्वतः कुठे असतात?”

“लांब, एसीत. आई, तू मध्ये पडू नकोस हं. नोकरी जाईल.”

दीडशहाणा मेला! टाय बांधला की अक्कल येते असं समजणारा. लेक चिडली तर चिडू दे. सकाळी कारखाना तपासणीसाला फोन करायचाच, असं आईने ठरवलं.