तीस दिवसांची रेघ

मालन सोनावणेंचा विश्वास चटकन बसत नसे, आणि याचा त्यांना थोडा अभिमानही होता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत खोकल्याच्या औषधाच्या कारखान्यात त्यांनी एकोणतीस वर्षं बाटल्या तपासल्या. बाटली हातात घेतली की औषध कमी भरलंय का, हे वजनाआधी त्यांना कळायचं. निवृत्तीनंतर दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या सोसायटीने त्यांना पाण्याचं काम दिलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, योग्य माणूस मिळाला.

काम साधं होतं. वरच्या टाकीतून घराघरांत पाणी जातं त्या पाइपावर मीटर होता. रोज सकाळी सहाला आकडा लिहायचा आणि कालचा वजा करायचा. पण रोजच्या आकड्यावर मालनताईंचा भरवसा नव्हता. रविवारी धुवायला कपडे निघाले की बावीस हजार लिटर, आठवड्याच्या मध्ये कधी पंधरा हजार. म्हणून त्या फिरती सरासरी काढायच्या. शेवटच्या तीस दिवसांचे आकडे मिळवायचे, तिसाने भागायचे. दुसऱ्या दिवशी नवा आकडा आत घ्यायचा, सगळ्यात जुना बाहेर काढायचा, पुन्हा भागायचं. येईल तो ठिपका आलेखाच्या कागदावर. ठिपके जोडून झालेली रेघ वर्षभर अठरा हजारांच्या आसपास शांत चालली होती.

आठ मार्चला तिसऱ्या मजल्यावर सुदेश कदम भाड्याने राहायला आला. शीळफाट्याकडून टेम्पो आला, त्यातून पलंग-कपाटाआधी सहा निळे ड्रम उतरले. मालनताई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या.

"एवढे ड्रम कशाला रे?"

"लागतात काकी," सुदेश हसून म्हणाला आणि पुढचा ड्रम खांद्यावर घेऊन वर गेला.

लागतात म्हणजे काय? हे उत्तर त्यांच्या मनात रुतून बसलं. दोनच दिवसांनी कागदावर त्यांना दिसलं की रेघ वर चालली आहे. आधीचे ठिपकेही थोडे वर सरकले होते, पण ते नेहमीचंच कमीजास्त असेल म्हणून त्यांनी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. अकराला आणखी वर. बाराला आणखी. रोज शंभर लिटरची भर, न चुकता. 'सवयीचा चोर आहे,' त्यांनी ठरवलं. 'एकदम घेत नाही. रोज थोडं थोडं वाढवतोय.'

मग त्यांनी पाळतच ठेवली. सुदेशच्या घरी नळ किती वेळ वाजतो, त्याची बायको रंभा दिवसाला किती कपडे वाळत घालते, गच्चीच्या कुलपाला कुणी हात लावलाय का. रंभा जिन्यात भेटली की हसायची. मालनताईंना ते हसणंही मुद्दाम केलेलं वाटायचं.

चोवीस मार्चच्या मीटिंगमध्ये त्यांनी आलेख सगळ्यांसमोर धरला. "मी कुणाचं नाव घेत नाही," त्या म्हणाल्या, "पण ही रेघ कधी चढायला लागली आणि इमारतीत नवीन कोण आलं, ते तुम्हीच बघा."

सगळ्या माना सुदेशकडे वळल्या. तो उभा राहिला आणि बायकोला घेऊन निघून गेला.

दोन दिवसांनी, सव्वीस तारखेनंतर, रेघ चढायची थांबली. मालनताईंनी कागद जेवणाच्या टेबलावर आपटला. त्यांची सून संचिता ठाण्याला वर्तकनगरमध्ये एका कंपनीत मालाच्या खपाचे अंदाज बांधायचं काम करायची. तिने कागद ओढून घेतला.

"बघ, घाबरला," मालनताई म्हणाल्या.

"आई, घाबरून चोरी थांबवली असती तर रेघ खाली आली असती. ही तर वरच सपाट झालीय. एकवीस हजारांवर." तिने बोटांवर दिवस मोजले. "किती दिवसांची सरासरी घेता?"

"तीस."

"मग एका दिवसात पाणी तीन हजारांनी वाढलं, तरी ही रेघ त्या दिवशी शंभरच वर जाणार. पूर्ण चढायला तिला तीस दिवस लागणार. सव्वीस मार्चपासून तीस दिवस मागे जा."

मालनताईंनी वही उघडली. पंचवीस फेब्रुवारी.

"सात दिवसांची काढून बघू. रविवार त्यातही एकदा येतोच."

दोघींनी आकडे मिळवले. सात दिवसांची रेघ पंचवीस फेब्रुवारीला उचलली गेली होती आणि तीन मार्चला एकवीस हजारांवर जाऊन थांबली होती. तेव्हा सुदेशचं सामान शीळफाट्यालाच होतं.

मालनताईंनी वहीत पुन्हा पंचवीस फेब्रुवारी काढली. त्यांच्याच अक्षरात त्या तारखेसमोर शेरा होता: गाळा दोन, प्लंबर जगन, वॉल्व्ह अकरा ते एक बंद. तळमजल्याच्या त्या गाळ्यात मालक प्रफुल्लने नवा संडास बसवून घेतला होता आणि कुलूप लावून तो चिपळूणला गेला होता. त्याला फोन झाला, शेजाऱ्याकडची चावी मिळाली. आत फ्लशची टाकी मिनिटाला दोन लिटरच्या वेगाने वाहत होती, एक महिना, कुणाच्या कानावर न जाता. जगनने पाच मिनिटांत वॉशर बदलला.

"सात दिवस आकडे बघते," मालनताई म्हणाल्या. "खात्री झाली की सुदेशकडे जाते."

"आई, माफी मागायला सरासरी कशाला?"

त्या लगेच तिसऱ्या मजल्यावर गेल्या. दार सुदेशने उघडलं. त्यांनी उंबऱ्यातच सगळं सांगितलं: तारखा, गाळा, आपली चूक. तो ऐकत राहिला. मग त्याने आतल्या एका ड्रमचं झाकण काढलं. काठोकाठ तांदूळ.

"गावचा आहे. वर्षाचा एकदम आणतो. तुम्ही विचारलंत तेव्हा घाईत होतो, नायतर तेव्हाच दाखवला असता." त्याने झाकण लावलं. "मीटिंगपासून रंभा धुणं घेऊन कल्याणला बहिणीकडे जाते. आताही तिथेच गेलीय. इथला नळ सोडायला तिला लाज वाटते."

"मी तिच्याशी बोलते."

"तुम्ही सगळ्यांसमोर बोललेलात, काकी."

पुढच्या रविवारी मालनताईंनी मीटिंग बोलावली. दोन्ही रेघा एकाच कागदावर, निळी आणि लाल, काढून आणल्या होत्या. लांब सरासरीला बातमी उशिरा कळते, हे त्यांनी समजावलं, आणि हे समजून न घेता आपण एका घरावर आळ घेतला, हेही. रंभा शेवटच्या खुर्चीवर बसली होती. ती हसली नाही. मीटिंग संपल्यावर ती पुढे आली, दोन्ही रेघा नीट पाहिल्या आणि विचारलं, "ही लाल काढायची कशी, ते दाखवाल मला?"

मालनताईंनी बाजूची खुर्ची ओढली आणि वही तिच्यासमोर उघडली.